वजनाचा कागद

प्रिय मुली,

काल फोनवर तू रडली नाहीस, पण आवाज बसला होता. "मॅडम, ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत प्रत्येक रुग्णावर सर्जन बोलतात, केमोवाले बोलतात, रेडिएशनवाले बोलतात. आहारतज्ज्ञाची, म्हणजे माझी, पाळी येईपर्यंत सगळे फायली मिटत असतात." आणि लगेच वाशीच्या त्या वजन उतरवायच्या क्लिनिकची गोष्ट. पगार बरा, रविवारी सुट्टी. जा हवं तर. पण आधी ऐक.

वजनाचा कागद वाचून दाखवल्याशिवाय बैठक उठू द्यायची नाही. बस.

अन्ननलिकेच्या कॅन्सरचा माणूस तुझ्यापुढे येतो तेव्हा त्याची आधी भाकरी सुटलेली असते, मग भात, मग चहात बुडवलेला पावसुद्धा. घरचे ॲसिडिटी म्हणून गोळ्या देत बसलेले असतात. नेदरलँड्सचा २०१२ सालचा तो अभ्यास तुझे डॉक्टर पाठ म्हणतात: आधी ५ आठवडे केमो आणि २३ रेडिएशन, मग ऑपरेशन. असे निम्मे रुग्ण ४९ महिन्यांच्या पुढे जगले, नुसतं ऑपरेशन झालेल्यांतले निम्मे २४ महिन्यांच्या. छान. पण मला त्यातले मधले दिवस दिसतात. रेडिएशनने अन्ननलिका आतून सोलवटते, घोट उतरताना आग होते, आणि त्यानंतरही ऑपरेशनसाठी महिना-दीड महिना थांबायचं. तेवढे दिवस तो काय गिळणार, हे त्या टेबलावर तुझ्याशिवाय कोण सांगणार?

२००६ मध्ये माझ्याकडे कोपरीचे एक रिक्षावाले होते. दोन महिन्यांत ५८ वरून ५१ किलो. कागद माझ्या हातात होता. सर्जनसाहेब घाईत होते, "पुढची केस" म्हणाले आणि मी कागद फाइलमध्ये सरकवला. ऑपरेशन झालं. सातव्या दिवशी आत शिवलेला अन्ननलिकेचा जोड गळायला लागला, तीन आठवड्यांनी ते गेले.

धडधाकट माणसाचाही जोड गळतो, हे मला ठाऊक आहे. मला तेव्हा खुर्चीसुद्धा नव्हती, भिंतीला टेकून उभी असायचे. बोलले असते तरी कोणी ऐकलं असतं? हे सगळं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. आकडा वाचला नाही तो नाहीच.

पुढे मी इतकी हट्टी झाले की "बाई आल्या कागद घेऊन" असं म्हणून डॉक्टर हसायचे. हसू देत. त्यातल्याच एकाने नंतर एका रुग्णाच्या आतड्यात अन्न द्यायची नळी टाकून ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं होतं.

'मी ज्युनिअर आहे' हे मला ऐकवू नकोस. आणि बैठकीत "पोषण कमी वाटतंय" असलं गुळमुळीत तर अजिबात बोलू नकोस. "दोन महिन्यांत ६४ वरून ५७, म्हणजे ११ टक्के गेले. पेजसुद्धा थांबून थांबून उतरते. नळीचं आजच ठरवा." इतकं बोलायला अर्धा मिनिट लागतो.

नळी टाकली की काम संपलं असंही नाही. कळव्याच्या एका सुनेने सासऱ्यांच्या नळीत मोठ्या सिरिंजने भसकन पेज ढकलली, रात्रभर जुलाब. तिचा काय दोष? आतडं म्हणजे जठर नव्हे, तिथे साठवायला जागा नसते, थेंबथेंबच सोडायला हवं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कोणी, ओळख बरं. नाचणीची पेज मलमलच्या फडक्याने दोनदा गाळायची, आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडायचं. हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून भागत नाही. तिच्या हातात सिरिंज देऊन करून घे.

शिळफाट्याच्या त्या काकांचं वजन बुधवारी परत घे. चपला काढून, खिशातला मोबाइल बाहेर ठेवून. तोच आकडा गुरुवारी बैठकीत.

तुझी मॅडम

ता. क. वाशीवाल्यांना शुक्रवारपर्यंत थांबायला सांग.