तारा म्हातारा झाल्यावर त्याच्या ग्रहांवर जीवसृष्टी राहू शकते का?

राहू शकते, पण जवळच्या ग्रहांवर नाही, लांबच्यांवर. आपल्या सूर्याचंच बघा, तो दर 100 कोटी वर्षांत साधारण 10 टक्क्यांनी जास्त तेजस्वी होत चाललाय, म्हणजे फुगून लाल राक्षसी तारा व्हायला अजून 500 कोटी वर्षं असली तरी पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या लई आधीच, शंभरेक कोटी वर्षांत आटायला लागतील. चूल भडकली की माणूस मागं सरकतो ना, तसा पाणी टिकेल असा पट्टा मागं सरकत सरकत गुरू-शनीपर्यंत जातो. तिथं युरोपा या गुरूच्या चंद्रावरचा बर्फ वितळेल, पण युरोपा आपल्या चंद्रापेक्षाही लहान, त्यामुळं ती वाफ धरून ठेवायला गुरुत्वाकर्षण पुरत नाही, माझ्या मते खरी आशा आहे ती लांब, थंडीत बसलेल्या पृथ्वीएवढ्या एखाद्या ग्रहावर.

असा म्हातारा होऊन फुगलेला तारा बघायचा असंल तर हिवाळ्यात रात्री शेतात जाऊन रोहिणी बघा, आपल्या मराठवाड्यात जिच्या पावसाची वाट बघतात तीच. तो लालसर तारा सूर्याच्या चाळीसेक पट रुंद झालाय.

आणि तारा विझून श्वेतबटू झाला, म्हणजे त्याचा नुसता लहानसा गाभा उरला, तरी सगळं संपत नाही. 2020 मध्ये नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या मदतीनं 80 प्रकाशवर्षांवर अशाच एका श्वेतबटूभोवती गुरूएवढा ग्रह सापडलाय, 34 तासांत एक फेरी मारतो! इतक्या जवळ तो बहुतेक नंतर सरकत आला असणार, कारण आधी तिथं असता तर फुगलेल्या ताऱ्यानं गिळलाच असता.