वीज गेल्यापासून प्रॉक्समॉक्सवरचा (एका सर्व्हरवर आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी प्रणाली) बिटकॉइन नोड (बिटकॉइनचे सगळे व्यवहार तपासणारा प्रोग्राम) सुरू होत नाही. सगळे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) पुन्हा डाउनलोड करावे लागतील का?

बहुधा नाही, त्रुटी चेनस्टेट (न खर्चलेल्या नाण्यांची नोंद) बिघडल्याची असेल, तर बिटकॉइन कोअर (नोडचे सॉफ्टवेअर) ‘रीइंडेक्स-चेनस्टेट’ हा पर्याय देऊन एकदा सुरू करावे, म्हणजे डिस्कवर आधीच असलेल्या ब्लॉक फायलींवरून ही नोंद नव्याने तयार होते. मात्र प्रून केलेल्या (जागा वाचवण्यासाठी जुने ब्लॉक पुसणाऱ्या) नोडवर हा पर्याय चालत नाही; तिथे जुने ब्लॉकच नसल्याने पूर्ण रीइंडेक्स, म्हणजे पुन्हा डाउनलोड, अटळ आहे. सोलापुरात घरीच नोड चालवत असल्याने सांगतो, खरा प्रश्न पुढच्या वेळचा आहे. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचा कॅश ‘राइटबॅक (अनसेफ)’ ठेवला असेल तर तो आधी बदला, कारण त्यात डेटा डिस्कवर उतरवण्याची आज्ञाच दुर्लक्षिली जाते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. वीज जाताच तो बॅटरीवर जाईपर्यंतच्या क्षणभरातही सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो. यूएसबीने जोडता येणारा यूपीएस घेऊन ‘नट’ (नेटवर्क यूपीएस टूल्स) या सॉफ्टवेअरद्वारे सर्व्हर आपोआप बंद होईल असे करा आणि प्रॉक्समॉक्समधील शटडाउनची मुदत 180 सेकंदांवरून 600 करा, कारण डीबीकॅश (बिटकॉइन कोअरने मेमरीत साठवलेला डेटा) मोठा असल्यास तो डिस्कवर लिहायला कित्येक मिनिटे लागतात, अर्थात तेवढा वेळ यूपीएसची बॅटरी टिकली पाहिजे.