कडा नसलेल्या बेटावरचे समुद्रपक्षी

प्रश्न : ध्रुवीय प्रदेशातील समुद्रपक्षी उंच कड्यांच्या कपारींत घरटी करतात, असे वाचले होते. मग अलास्कातील कूपर बेटावर एकही कडा नसताना तेथे पक्ष्यांची वीण कशी होते आणि ते प्लास्टिकच्या पेट्यांत का राहतात?

उत्तर : कूपर बेट म्हणजे उत्कियागविक (पूर्वीचे बॅरो) या गावाच्या पूर्वेला, ब्यूफोर्ट समुद्राच्या कडेला असलेला वाळू-गोट्यांचा सपाट पट्टा. तेथील ब्लॅक गिलेमॉट हा पंखांवर पांढरा डाग आणि लालभडक पाय असलेला काळा पक्षी उघड्यावर अंडी घालत नाही. त्याला वरून झाकलेली अंधारी पोकळी लागते. अमेरिकी नौदलाने १९५० च्या दशकात मागे टाकलेल्या लाकडी खोक्यांखाली ती त्याला आयतीच मिळाली. १९७२ मध्ये जॉर्ज डिवोकी या पक्षीशास्त्रज्ञांना तेथे १० जोड्या आढळल्या. त्यांनी त्याच भंगारातून आणखी खोपे रचले, १९७५ पासून दर उन्हाळ्यात नोंदी ठेवल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोड्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

अर्थात, नुसती खोकी पुरेशी नव्हती. वीण पूर्ण होण्यासाठी या पक्ष्याला बर्फाविना सुमारे ८० दिवस मिळावे लागतात आणि एवढा लांब उन्हाळा तेथे हवामान तापू लागल्यावरच येऊ लागला. पुढे त्याच तापमानवाढीने समुद्रातला बर्फ किनाऱ्यापासून दूर नेला आणि बर्फाच्या आश्रयाने राहणारा आर्क्टिक कॉड मासा पिल्लांच्या ऐन वाढीच्या काळात हाताबाहेर गेला. गिलेमॉट चोचीतून एका वेळी एकच मासा आणतो, त्यामुळे लांबच्या फेऱ्या त्याला परवडत नाहीत. मग नाइलाजाने तो किनाऱ्याजवळचा स्कल्पिन आणतो. त्याचे काटेरी, हाडांचे डोके पिल्लाच्या घशाखाली धड उतरत नाही. खोप्यात बहुधा दोन पिल्ले असतात आणि टंचाईत थोरले पिल्लू घास पटकावते, धाकटे उपाशी मरते.

बर्फ हटल्याने ध्रुवीय अस्वलेही २००२ पासून बेटावर वरचेवर येऊ लागली. लाकडी खोकी उलथून पिल्ले खाणे त्यांना सहज जमे. म्हणून २०११ मध्ये, उपकरणे ठेवण्यासाठी वापरतात तशा भक्कम प्लास्टिकच्या पेट्यांना दार पाडून त्या तेथे बसवण्यात आल्या. अस्वलांचा उपद्रव त्यामुळे बराच आटोक्यात आला, परंतु माशांची टंचाई कायम राहिली आणि जोड्यांची संख्या पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली घसरली.