गेममधली पात्रं म्हातारी का होत नाहीत, आणि झाली तर कशी

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. गेममधली पात्रं वर्षानुवर्षं तशीच का राहतात, हा एक. आणि जिथे वय वाढतं तिथे केस पांढरे करण्यापलीकडे काही करणारे गेम कोणते, हा दुसरा. आधी दुसऱ्याचं बोलतो, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

माझी कसोटी साधी आहे. पात्राचा चेहरा झाकून टाकला, तरी कंट्रोलर हातात असलेल्याला त्याचं वय कळतं का? कळत असेल तर गेमने वय दाखवलं. नाहीतर तो नुसता मेकअप.

या कसोटीवर सगळ्यात आधी गळतो तो 'ॲसॅसिन्स क्रीड' मालिकेचा नायक एत्झिओ, आणि हे मी त्याचा चाहता असून म्हणतोय. 'ॲसॅसिन्स क्रीड २' (२००९) ची कथा १४७६ ला सुरू होऊन १४९९ पर्यंत जाते. सतरा वर्षांचं उनाड पोरगं चाळिशीला टेकतं आणि त्याच्यात बदल काय, तर दाढी. पुढे २०११ च्या 'रेव्हलेशन्स'मध्ये तो बावन्न वर्षांचा आहे. केस पिकलेत, आवाजात थकवा आहे, बोलणं निवृत्त माणसाचं आहे. पण कॉन्स्टँटिनोपलच्या भिंती तो तरुणपणापेक्षा भरभर चढतो, कारण या भागात त्याला टोकाला आकडा असलेलं पातं मिळालंय! कथा म्हणते बाबा दमले, आणि तुमचा अंगठा म्हणतो छे, बाबा तर सुसाट सुटलेत.

आता हा दोष लेखकांचा नाही, गेमच्या मूळ गणिताचा आहे. बहुतेक गेम एका आश्वासनावर चालतात: जितका वेळ घालाल तितके ताकदवान व्हाल. लेव्हल वाढते, तलवार बदलते, पहिल्या तासात जो राक्षस तुम्हाला लोळवत होता तो दहाव्या तासात एका फटक्यात आडवा होतो. म्हातारपण याच्या बरोबर उलट्या दिशेने जातं. म्हणून लहानाचं मोठं होणं गेमना छान जमतं. 'झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम' (१९९८) बघा. त्याचा छोटा नायक लिंक दगडातून तलवार उपसतो आणि सात वर्षं झोपतो. उठल्यावर त्याची गलोल आणि बूमरँग निकामी झालेले असतात, त्यांच्या जागी धनुष्य येतं, आणि लहानपणी ज्या भोकांतून सरपटत जायचो त्यांतून आता जाता येत नाही. मोठं होणं हातात जाणवतं. शिवाय ज्या जंगलात तो वाढला तिथली मुलं कधीच मोठी होत नाहीत, त्यामुळे परत गेल्यावर त्यांच्यातला मिडो त्याला ओळखतच नाही. हे उत्तमच आहे, पण हा चढ आहे. उतार दाखवायची वेळ आली की भलेभले अडतात.

'फेबल'ने (२००४) गंमतच केली. तिथे तुम्ही अनुभव खर्च करून कौशल्य विकत घेतलं की वय वाढतं. म्हणजे ताकद हवी तर वर्षं मोजा. कल्पना ऐकायला झकास. प्रत्यक्षात हिरो बघता बघता सुरकुतलेला पेन्शनर होतो आणि गावातली माणसं जिथल्या तिथे असतात. त्यातून सुरकुतलेला असूनही तो आधीपेक्षा बलवान, कारण ते वय ताकदीचीच पावती आहे. वय त्याचं काही हिरावून घेत नाही.

हिरावून घेणारा गेम हवा असेल तर 'सिफू' (२०२२). विसाव्या वर्षी बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला कुंग फू शिकलेला पोरगा (किंवा पोरगी, आपण निवडायचं). मेला की एका ताईताच्या जोरावर उठतो, पण वय देऊन. पहिल्या मरणाला एक वर्ष, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. एकवीस, तेवीस, सव्वीस, तीस, पस्तीस. एका वाईट मारामारीत पंधरा वर्षं गेली! काही दांडग्या शत्रूंना लोळवलं की पुढच्या मरणाला जाणाऱ्या वर्षांचा हा आकडा एकाने उतरतो, त्यामुळे आधी कोणाशी भिडायचं याचा हिशेब सतत डोक्यात चालू. दर दशकाला ताईतातलं एक नाणं तुटतं, फटका जड होतो आणि हेल्थ कमी होते. पन्नाशीतला तुमचा माणूस दोन दणक्यांत समोरच्याला झोपवतो, पण स्वतः दोन दणके खाल्ले की संपला. सत्तरी ओलांडली की पुढचं मरण शेवटचं.

याची खरी मेख पुढे आहे. एक टप्पा तुम्ही ज्या वयात पार केलात त्याच वयात पुढचा सुरू होतो. पहिल्यांदा खेळताना दुसऱ्या टप्प्याअखेर साठी येते आणि कळतं की पुढे निभाव लागणं कठीण. मग परत पहिल्या टप्प्यात जायचं आणि तो एकविसाव्या वर्षी, जमलं तर विसाव्याच वर्षी संपवायचा. म्हणजे खेळणारा जुना होत जातो तसा पडद्यावरचा माणूस तरुण राहायला लागतो. म्हाताऱ्याची समज आणि पोराचं शरीर एकत्र मिळालं तर काय होईल, हे दुसऱ्या कुठल्या गेमने इतकं सरळ खेळायला दिलेलं मला ठाऊक नाही.

'मेटल गिअर सॉलिड ४' (२००८) दुसऱ्या टोकाला आहे. त्याचा नायक स्नेक कागदावर बेचाळीस वर्षांचा, दिसायला सत्तरीचा. तो क्लोन आहे आणि झपाट्याने म्हातारं होणं त्याच्या जनुकांतच लिहून ठेवलंय. ओणवं होऊन फार वेळ लपून बसलात की तो उभा राहताना पाठ चोळतो. बस, एवढंच. पण हा लपाछपीचा गेम आहे, दर पाच मिनिटांनी तुम्ही कुठेतरी ओणवे असता, आणि दर वेळी तो माणूस कमरेवर हात ठेवून उठतो. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला तर कहरच. अचानक १९९८ चा पहिला 'मेटल गिअर सॉलिड' सुरू होतो, तेच चौकोनी चेहरे, तेच बर्फातलं हेलिपॅड, आणि तुम्ही तो खेळता. मग स्नेक जागा होतो. स्वप्न होतं. आणि आता त्याच जागी या म्हाताऱ्याला घेऊन जायचंय. ज्यांनी मूळ गेम शाळकरी वयात खेळला होता त्यांची मधली दहा वर्षं त्या एका कटमध्ये सामावलीयत. अर्थात ज्याने पहिला भाग खेळलेला नाही त्याला हे नुसतं जुनाट ग्राफिक्स वाटणार.

जाता जाता 'गॉड ऑफ वॉर' (२०१८). त्याच्या नायकाच्या, दाढीवाल्या क्रेटोसच्या, सुरकुत्यांचं कौतुक सगळे करतात. मला भावलं ते वेगळंच: जुन्या भागांत तो टणाटण उड्या मारायचा, या भागात उडीचं बटणच नाही. कारण खांद्याशी आणलेल्या कॅमेऱ्याचंही असेल, पण हाताला जाणवतं ते वय.

तरीही मला एकच गेम निवडायला सांगितला तर मी 'ड्रॅगन क्वेस्ट ५' निवडेन. १९९२ चा, सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या गेम-यंत्रावरचा, बोटभर उंचीची चित्रं असलेला. तिथे सुरकुती काढायला जागाच नाही, म्हणून जे करायचं ते नियमांतून करावं लागलंय. सुरुवातीला तुम्ही सहा-सात वर्षांचं पोर असता आणि बापाबरोबर फिरता. लढाईत बाप स्वतःच्या मर्जीने लढतो, तुम्ही त्याला हुकूम देऊ शकत नाही. तुम्ही काठीने एखादा जीव कसाबसा मारेपर्यंत त्याने बाकीचे उडवलेले असतात, आणि लढाई संपली की तो न सांगता तुमच्या जखमा बऱ्या करतो. मग बाप मारला जातो. तुम्ही दहा वर्षं गुलामीत दगड वाहता. सुटता, लग्न करता, जुळी मुलं होतात, आणि तेवढ्यात शाप लागून तुमचा दगडी पुतळा होतो. आठ वर्षं तो पुतळा एका घराच्या अंगणात उभा, ऋतू येतात-जातात, त्या घरातलं मूल मोठं होतं, आणि तुम्ही बटणं दाबून काहीही करू शकत नाही. शेवटी तुम्हाला शोधत येतात ती तुमचीच मुलं, आठ वर्षांची. आणि दंतकथेतला तो निवडलेला वीर तुम्ही नसून तुमचा मुलगा निघतो. ज्या तलवारीच्या मागे एवढे तास घालवले ती तुम्हाला पेलतच नाही, त्याला पेलते.

त्यात एक जागा अशी आहे की ती मी कुणाला सांगत नाही, पण तुम्ही खोलात विचारलंय म्हणून सांगतो. (खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) लहानपणी गावात एक अनोळखी तरुण भेटतो आणि तुमच्याकडचा सोनेरी गोळा बघायला मागतो. तुम्ही दाखवता, विसरून जाता. कित्येक तासांनी, मोठेपणी, तुम्हीच काळात मागे जाता आणि त्या गावात एका पोराला तोच प्रश्न विचारता. बापही तिथेच असतो, धडधाकट. त्याच्याशी बोलता येतं. पण पुढचं काही बदलत नाही.

आता आपल्याकडच्या ओळखीच्या गेमकडे येतो. नव्वदीच्या शेवटी आणि नंतरही तासावर प्लेस्टेशन भाड्याने देणाऱ्या पार्लरांत 'टेकन ३' हा मारामारीचा गेम न खेळलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. तो वयाचाच गेम होता हे किती जणांच्या लक्षात आलं? दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये कथेत जवळपास दोन दशकं उलटलीयत. काझुयाच्या जागी त्याचा मुलगा जिन, मार्शल लॉच्या जागी त्याचा मुलगा फॉरेस्ट, मिशेलच्या जागी तिची दत्तक मुलगी ज्युलिया, अस्वल कुमाच्या जागी त्याचं पिल्लू. लॉ बाप-लेकाचे फटके इतके सारखे की आमच्या अड्ड्यावर माणूस बदलल्याचा कुणाला पत्ताही नव्हता. आणि नीना-ॲना या बहिणी? त्यांना म्हातारं करायची हिंमत झाली नाही, म्हणून मधली सगळी वर्षं त्यांना शीतनिद्रेत ठेवलं. बाया तरुणच हव्यात, जिनचा आजोबा हेहाची मात्र सत्तरी ओलांडून खुशाल मारामारी करू दे. गेमच्या दुनियेचा हा दुटप्पीपणा अजून पुरता गेलेला नाही. पांढऱ्या केसांचा हिरो आता चालतो, पांढऱ्या केसांची नायिका मोजून सापडते.

त्यातली एक २००८ च्या 'द ग्रेव्हयार्ड'मध्ये आहे. एक म्हातारी काठी टेकत स्मशानात येते, बाकावर बसते, एक गाणं ऐकते, परत जाते. फुकट आवृत्तीत एवढंच. पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत एकच भर: तिथे ती मरू शकते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं रोखठोक उत्तर पैसा. वय वाढवायचं म्हणजे नवं शरीर, नवे कपडे, नवी चाल, नवा आवाज. माणसांचं रोजचं घरगुती आयुष्य चालवायच्या 'द सिम्स'च्या पहिल्या भागात (२०००) मोठी माणसं कधी म्हातारी व्हायचीच नाहीत, पाळण्यातलं बाळ मूल व्हायचं आणि कायम मूलच राहायचं. २००४ च्या दुसऱ्या भागात बाळ ते आजी-आजोबा अशा सगळ्या पायऱ्या आल्या. आणि २०१४ ला चौथा भाग आला तो दुडदुडणाऱ्या पोरांशिवाय! ती पायरी २०१७ च्या जानेवारीत जोडली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही एक वय वगळावंसं वाटतं, तर 'स्टारड्यू व्हॅली'सारख्या एकट्या माणसाने बनवलेल्या शेतीच्या गेममधली मुलं कायम रांगती-दुडदुडती राहतात याचा राग कशाला धरायचा.

स्वस्तात वय जमतं ते आकड्यांच्या गेमना. 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये तिशी ओलांडली की खेळाडूचा वेग आधी जातो, मैदानाची जाण टिकते, आणि तुमच्या लाडक्या विंगरला बाकावर बसवायचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. मध्ययुगीन राजघराणं चालवायच्या 'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये (२०२०) तर राजा साठीला आला आणि वारस तीन वर्षांचा असला की पोटात गोळा येतो. नकाशात दख्खनही आहे, तिथून सुरुवात करून बघा. याउलट आपला 'क्रिकेट ०७'. आपल्याकडे लोक अजून तो खेळतात, हौशी मंडळी नवे पॅच (संघ-खेळाडू बदलणाऱ्या फाइली) काढतात, आणि त्यात कुणी म्हातारं होत नाही. पॅच बदलला की खेळाडू बदलतो, एवढंच.

सुरुवात कुठून करायची विचारलंत तर आज रात्री 'पॅसेज' (२००७) डाउनलोड करा. फुकट आहे आणि पाच मिनिटांत संपतो. जेसन रोररचा हा चिमुकला गेम न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहात घेतला. सूचना न वाचता खेळा, आणि दोनदा खेळा: एकदा वाटेत भेटणाऱ्या बाईला बरोबर घेऊन, एकदा न घेता. बरोबर घेतलीत तर काही अरुंद वाटा तुम्हाला बंद होतात, हे सांगून ठेवतो, बाकी काही सांगत नाही. मग 'ड्रॅगन क्वेस्ट ५', तो फोनवरही मिळतो आणि एका हाताने खेळता येतो, लोकलमध्ये उभं राहूनसुद्धा. 'सिफू' शेवटी घ्या. त्यात नंतर सोपी पातळीही दिलीय, तिच्यावर सुरू करायला लाजू नका, पण पुढे मूळ पातळीवर याच, कारण सोप्या पातळीवर वय फार सावकाश वाढतं आणि गेमची निम्मी गंमत तिथेच जाते.