गाठ पूर्ण काढली, गोळ्या वेळेवर दिल्या, तरी ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा आक्रमक कर्करोग) परत का येतो?

वडिलांचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची एकही कॅप्सूल चुकवली नाही, तरी आठ महिन्यांत गाठ परतली. आमचं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, तुमचं काहीही चुकलेलं नाही. मी काही वर्षं प्रयोगशाळेत याच पेशींवर काम केलंय, म्हणून जरा खोलात सांगतो.

‘पूर्ण काढली’ म्हणजे एमआरआयवर दिसत होती तेवढी काढली. या गाठीला कड नसतेच; तिच्या पेशी मेंदूच्या तंतूंच्या वाटेने दूरवर गेलेल्या असतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढल्याचं १९२८ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. आजार तरीही परतला.

मागे राहिलेल्या पेशी निरोगी मेंदूत दडून असतात. तिथल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं घट्ट असतं की बहुतेक औषधं आत शिरत नाहीत, आणि शिरलेल्यांपैकी बरीचशी पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप पुन्हा रक्तात ढकलतात. गाठीच्या गाभ्यात हे अस्तर फुटकं असतं, म्हणून एमआरआयचं डाय तिथे झिरपून गाठ उजळ दिसते. म्हणजे औषध जिथे सहज पोचलं असतं, नेमका तोच भाग सर्जननी आधीच काढलेला असतो. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

टेमोझोलोमाइडचा रेणू लहान, तो थोडाफार पोचतो आणि डीएनएवर मिथाइल गट चिकटवून पेशी मारतो. पण एमजीएमटी नावाचं प्रथिन तो गट स्वतःवर ओढून घेतं आणि पेशी वाचते. २००५ च्या एका अभ्यासात रेडिएशनसोबत हे औषध घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या गाठीत एमजीएमटीचं जनुक मिथिलेशनमुळे (म्हणजे त्या जनुकावरच मिथाइल गट बसल्याने) बंद होतं, त्यांच्यातले निम्मे रुग्ण २१.७ महिन्यांहून जास्त जगले; बाकीच्यांत हा आकडा १२.७ महिने होता.

शिवाय एकाच गाठीतल्या पेशी एकसारख्या नसतात. औषधाला दाद देणाऱ्या मरतात, न देणाऱ्या वाढतात.

वडिलांच्या फाइलमधल्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर एमजीएमटी ‘मिथिलेटेड’ की ‘अनमिथिलेटेड’ ते बघा. तपासणी झालीच नसेल, तर ऑपरेशनच्या वेळचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमध्ये आहे का, हे डॉक्टरांना विचारा. टेमोझोलोमाइड पुन्हा द्यायचं की नाही, हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.