घराच्या नकाशात १:५० स्केलला नीट दिसणारा मजकूर १:१०० च्या शीटवर बारीक का होतो? आणि त्या शीटवरचं फर्निचर कसं लपवू?

ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) वापरताय असं धरतो. कागदावर अक्षर २.५ मिमी हवं, तर मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्या मापाच्या मूळ ड्रॉइंगमध्ये, १:५० साठी उंची १२५ मिमी लागते, १:१०० साठी २५०. तुमचं १२५ वरच राहिलंय, म्हणून छापल्यावर सव्वा मिमीच्या मुंग्या.

दोनदा मजकूर टाकू नका. टेक्स्ट स्टाइल अ‍ॅनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे आकार बदलणारी) करा, पेपर हाइट २.५ द्या आणि त्याच मजकुराला दोन्ही स्केल जोडा. व्ह्यूपोर्टचं, म्हणजे शीटवरच्या ज्या चौकटीतून मॉडेल दिसतं तिचं, स्केल बदललं की अक्षर आपोआप जुळतं. मुंबईतल्या घरांत खरी कसोटी मोरीची! तीन फुटांची मोरी १:१०० ला कागदावर जेमतेम ९ मिमी. नाव आत मावतच नाही. तेव्हा त्या स्केलपुरतं नाव बाहेर सरकवून बाण द्या. १:५० मधली जागा हलत नाही, हीच गंमत.

फर्निचरसाठी वेगळा लेयर (ड्रॉइंगचा स्वतंत्र थर) हवाच. तो सरसकट ऑफ केलात तर सगळ्याच शीटवरून जाईल. व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक करून लेयर मॅनेजरमधलं व्हीपी फ्रीझ वापरा, म्हणजे तो फक्त त्याच व्ह्यूपोर्टमध्ये लपेल.

हो, मापं टाकली की ऑटोकॅड आपोआप बनवतं त्या डेफपॉइंट्स लेयरवर काही रेखाटू नका. स्क्रीनवर दिसतं, छापून येत नाही. मी एकदा झेरॉक्सवाल्याशी उगाच भांडलोय.