तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा (एकाच षड्जात लावायच्या मधल्या दोन) ट्यूनरवर जुळलेल्या दिसतात, तरी एकत्र छेडल्यावर आवाज हेलकावतो. तार खराब आहे का?

बहुतेक वेळा तार ठीकच असते. दोन तारांच्या कंपनसंख्येत अजून किंचित फरक उरलेला असतो, एवढंच.

सोपं जावं म्हणून मोठा फरक घेऊ. एक तार १३८ हर्ट्झवर आहे, दुसरी १४० वर. दोन्ही लहरी कानापाशी येतात तेव्हा हवेच्या दाबातला चढउतार म्हणजे क्षणोक्षणी त्या दोघींची बेरीज. चढाला चढ मिळाला की आवाज फुगतो, चढावर उतार आला की दबतो. इथे हे सेकंदाला दोनदा होईल, कारण फरक २ हर्ट्झचा आहे. लहरी मात्र एकमेकींना बिघडवत नाहीत: एका तारेवर बोट ठेवा, दुसरी स्थिर ऐकू येते. ही बोटाची चाचणी आधी कराच. एकटी तारही हेलकावत असेल, तर मात्र तिला पीळ किंवा मुरड पडलेली असू शकते; मग ती बदलावी.

आता ट्यूनर. त्यावर तारा जुळलेल्या दिसल्या तरी एखाद्या सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाचा, फरक उरू शकतो. १३८ हर्ट्झपाशी एक सेंट म्हणजे सुमारे ०.०८ हर्ट्झ, म्हणजे बारा सेकंदांत एक हेलकावा. मूळ स्वरात तो कळतही नाही. पण जवारी (घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेचा निसटता स्पर्श) उघडी असेल तर वरचे स्वरांश, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले सूक्ष्म स्वर, ठळक होतात, आणि दहाव्या स्वरांशात फरकही दहापट होतो. सव्वा सेकंदाला एक हेलकावा! म्हणून शेवटची जुळवणी मी कानावरच सोपवायला सांगेन.

खुंटीने जवळ आणा, मग घोडीखाली तारेत ओवलेला मणी वापरा. मणी घोडीपासून दूर सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. कोणती तार चढी आहे ते हेलकाव्यांवरून कळत नाही, म्हणून एकच मणी केसभर हलवून पाहा. हेलकावे मंदावले तर दिशा बरोबर, वाढले तर उलट फिरा. दोन्ही तारा लागोपाठ, सारख्या जोराने छेडा. एक हलकी पडली तर बेरजेत दबणारा भाग पुरता दबत नाही आणि हेलकावा पुसट होतो.

खर्ज (जोडीहून एक सप्तक खालच्या षड्जाची तार) लावतानाही हेच ऐका: खर्जाचा दुसरा स्वरांश जोडीच्या मूळ स्वराशी हेलकावतो. पंचमासाठी खर्जाचा तिसरा आणि मंद्र पंचमाचा दुसरा स्वरांश जुळवा. खर्ज-पंचम लावून झाले की जोड पुन्हा तपासा, कारण ताण बदलल्याने ती थोडी हललेली असते.